कातड्याचे किडे

आमच्या घरात मेलेल्या जनावराची वस्तू येत नसे. आबांच्या पायात टायरची चप्पल असायची आणि पट्ट्याच्या जागी सुतळी. एकदा गल्लीतला एक जण लग्नात वाजवायची हलगी घेऊन पाणी प्यायला आला, तर आबांनी त्याला सांगितलं, "हलगी भाईर ठिव, तू आत ये." तो बिचारा एका डोळ्यानं दारातल्या हलगीवर लक्ष ठेवत पाणी प्यायला. मटणाची गोष्ट वेगळी. कोंबडी, बकरं आमच्याकडे शिजायचं, आणि माय येसराचा मसाला घालून असा रस्सा करायची की शेजारणी वाटी घेऊन यायच्या. आबांचा नेम मारलेल्या जनावराबद्दल नव्हता, मेलेल्याबद्दल होता. आपोआप मेलेलं ढोर, त्याचं मांस, कातडं, हाड, शिंग, यातलं काहीही उंबऱ्याच्या आत येणार नाही. मुळाक्षरांच्या आधी आम्ही भावंडं हे शिकलो.

या नेमामागची हकिकत आबांनी स्वतः कधी सांगितली नाही, मायनं सांगितली. वालूरच्या पलीकडं आबांचं गाव. गावातली मेलेली ढोरं ओढून न्यायची, गावाबाहेर फाडायची, कातडं व्यापाऱ्याला द्यायचं, हे आमच्या घराकडं पिढ्यान्‌पिढ्या होतं. आबा अगदी लहान असल्यापासून आजोबांच्या हाताखाली तेच करत होते. मग धम्मदीक्षा झाली. त्यानंतर गावातल्या मोठ्या घरचा बैल मेला आणि बोलावणं आलं, तेव्हा मिसरूडही न फुटलेले आबा पुढे होऊन म्हणाले, "आमी न्हाई ओढणार." बैल तीन दिवस तसाच पडून राहिला. चौथ्या दिवसापासून आमच्या माणसांना शेतावर काम मिळेना, दुकानात मीठ मिळेना. महिनाभर तग धरून ते सगळे डोक्यावर भांडी घेऊन मानवतला चालत आले. त्या तीन दिवसांत आबांनी जे कमावलं त्यावर आमचं घर उभं होतं, असं मला आजही वाटतं. पैशानं म्हणाल तर ते जिनिंगमधल्या हमालीवर उभं होतं.

मानवतचं आमचं घर म्हणजे एक लांबट खोली आणि पुढं पत्र्याची पडवी. कापसाच्या हंगामात जिनिंगची घरघर दिवसभर भिंतीतून यायची. आबा कामावरून आले की त्यांच्या भुवयांवर, कानांच्या पाळ्यांवर कापसाचे तंतू असायचे, आणि माय त्यांना दारातच उभं करून फडक्यानं झटकायची. मग ज्वारीची भाकर, अंबाडीची भाजी, वरून तेल ओतलेला ठेचा. जेवताना रेडिओवर शेतीचा कार्यक्रम लागलेला असे. आमच्याकडे वीतभर शेत नव्हतं, पण कुठल्या पिकावर कुठली कीड पडते हे मायला तोंडपाठ होतं. रात्रीच्या शाळेत अक्षरं शिकलेले आबा जेवण झाल्यावर बोट ठेवून पेपर वाचायचे, आणि मला परभणीला जनावरांच्या डॉक्टरकीला प्रवेश मिळाल्याची बातमी त्यांनी जिनिंगमध्ये इतक्यांदा सांगितली की लोक त्यांना 'डाक्टरनीचा बाप' म्हणायला लागले. "मेलेल्या ढोरापासून सुटलो, आता पोरगी जित्या ढोरांला वाचविणार," हे त्यांचं वाक्य ठरलेलं होतं.

आता तुम्हीच सांगा, या माणसाला मी कसं सांगणार होते की डॉक्टरकीचं पहिलं वर्ष सगळं मेलेल्या ढोरांतच जातं? घरी गेले की मी इंजेक्शनांच्या, औषधांच्या गोष्टी सांगायची. शरीररचनेच्या विभागात दिवसातले चार तास मी हाडं हातात घेऊन बसते, एकेक खाच, एकेक छिद्र पाठ करते, आणि मला ते फार आवडतं, हे मी गिळून टाकलं होतं. कळलं तर आबा मला घरी बसवतील याची मला खात्री होती. हट्टानं नव्हे, दुःखानं बसवतील, आणि ते जास्त कठीण होतं.

विभागात मुळे सर होते. अंगानं किरकोळ, खिशाला कायम खडूची पांढरी बोटं. त्यांना संग्रहालयाचं वेड होतं. सांगाडा साफ करायची साधी रीत म्हणजे उकळणं, पण कोवळं हाड उकळलं की त्याचे सांधे सुटतात आणि नाकातली कागदासारखी पातळ हाडं विरघळून गेल्यासारखी होतात. त्यावर सरांनी एक उपाय वाचला होता. वाळलेलं मांस खाणारे किडे पाळायचे आणि त्यांच्याकडून हाड साफ करून घ्यायचं. कुठल्याशा वाळक्या सांगाड्यावरून त्यांनी ते गोळा करून आणले होते. काळसर, ज्वारीच्या दोन दाण्यांएवढे भुंगे आणि त्यांच्या केसाळ तपकिरी अळ्या. झाकणाला बारीक जाळी लावलेल्या पत्र्याच्या पेटीत, कापसाच्या थराखाली, ते राहत. पेटीला कान लावला तर आत बारीक कुरकुर ऐकू येई, कडब्याच्या गंजीत उंदीर फिरतात तशी. वर्गातली मुलं नाक दाबून लांब व्हायची. वर्गात मुलगी मी एकटीच. मी कान लावून बसायची. शेवटी सरांनी पेटी माझ्याकडेच सोपवली आणि गोठ्यात मृत जन्मलेल्या एका रेडकाची कवटी मला दिली. कातडं काढून, मेंदू काढून मी ती पेटीत ठेवली. ती माझी कवटी होती. एवढी स्वतःची वस्तू माझ्याकडे तोवर दुसरी नव्हती.

ते नामांतराचे दिवस होते. विद्यापीठाला कुणाचं नाव द्यायचं यावरून मराठवाडा पेटला होता, आणि आमच्या हॉस्टेलच्या मेसमध्ये त्याची धग पोचली होती. रोज माझ्या शेजारी जेवणारी, दुसऱ्या वर्गातली एक मुलगी एके दिवशी ताट उचलून दुसऱ्या बाकावर गेली. ती वाईट नव्हती, तिला घरून पत्र आलं होतं. आणि एका दुपारी एकाएकी हॉस्टेल रिकामं करायला सांगितलं. विभागाला कुलूप लागणार होतं. पेटी आत राहिली तर मुंग्या लागतील आणि चार दिवसांत सगळं संपेल, या काळजीत सर पेटीभोवती घिरट्या घालत होते. त्यांच्या स्वतःच्या घरी नेणं शक्य नव्हतं. सर सोवळं पाळत नसत, पण त्यांच्याकडे सासूबाई राहायला आलेल्या होत्या. ते म्हणाले, "सुमन, तुझ्या घरी ठेवशील का गं? थोड्या दिवसांचा प्रश्न आहे."

मला नाही म्हणता आलं नाही. कवटी अर्धी साफ झाली होती. मानवतच्या एस.टी.त मी पेटी चादरीत गुंडाळून मांडीवर घेऊन बसले. कंडक्टरनं विचारलं तेव्हा मी म्हणाले, पुस्तकं आहेत. घरी मायनं विचारलं तेव्हा मात्र पुस्तकांचं जमेना, कारण तिनं पेटी हातात घेतली होती आणि आतली कुरकुर तिला कळली होती. तेव्हा माझ्या तोंडून जे पहिलं निघालं ते असं, "रेशमाचे किडे हायेत, माय. कॉलेजचे. झाकण उघडू नको."

मायचा चेहरा उजळला. रेडिओवर रेशमाच्या किड्यांबद्दल तिनं नुकतंच ऐकलेलं होतं. पेटी तिनं मोठ्या मानानं चुलीजवळच्या कोपऱ्यात, धान्याच्या कणगीमागे ठेवली. आबा आले, त्यांनाही तिनंच सांगितलं. आबा म्हणाले, "रेशीम का? चांगलं हाय," आणि पेपर उघडून बसले. बाहेर परिस्थिती काय आहे हे ते मोठ्यानं वाचत नव्हते, पण त्यांचं बोट एकेका ओळीवर नेहमीपेक्षा जास्त वेळ थांबत होतं. खोलीत सतत कुणी ना कुणी असल्यानं पुढचे दोन दिवस मला पेटीला हात लावता आला नाही. मी लांबूनच तिच्याकडे बघायची आणि भाकरी थापायची.

या दोन दिवसांत मायनं काय केलं ते मला नंतर कळलं. रेशमाचे किडे तुतीचा पाला खातात हे तिला ठाऊक होतं. जिनिंगच्या मॅनेजरच्या बंगल्यामागं तुतीचं झाड होतं. मी पाण्याला गेले की ती ओटीत पाला घेऊन यायची, झाकण उचलायची, कापसावर पाला पसरायची आणि किडे मलूल दिसतात म्हणून वरून पाणी शिंपडायची. कापसाखाली काय आहे हे तिनं पाहिलंच नाही. लेकीनं आणलेल्या पाहुण्यांना ती जेवू घालत होती. या किड्यांना ओल म्हणजे विष, हे तिला कुठून ठाऊक असणार? माझ्या खोट्याला तिनं जितक्या मनापासून खरं मानलं तितकं कुणी माझ्या खऱ्यालाही पुढे मानलेलं मला आठवत नाही.

तिसऱ्या दिवशी सकाळी खोलीत वास सुटला. माय म्हणाली, "उंदीर मेला आसल कनगीमागं." आबा तोंड धूत होते. ते तसेच, ओल्या हातानं, उभे राहिले. त्यांनी एकदाच श्वास घेतला आणि सरळ पेटीपाशी गेले. लाकडाच्या काटकीनं त्यांनी झाकण उचललं, सडका पाला बाजूला केला, कापूस वर केला. खालून रेडकाच्या कवटीचं एक डोळ्याचं भोक वर आलं. भोवती शेकडो अळ्या ओलीनं फुगून पडल्या होत्या.

"हे रेशीम हाय?" आबांनी विचारलं.

मी झाकण लावायला हात पुढे केला.

"सुमन, हे किडे मी वळखतो. माझ्या बापानं वाळवलेल्या कातड्याला हेच लागायचे. काठीनं झोडून झोडून मी काढायचो. तू कोनाला रेशीम सांगायलीस?"

मग मी सगळं बोलले. एका दमात, रडत. पहिल्या दिवसापासून हाडं हाताळते, मला ते आवडतं, आणि तुम्हाला कळलं तर शिक्षण बंद होईल म्हणून सांगितलं नाही. आबांनी काटकी खाली ठेवली. "आमी उपाशी मेलो व्हतो ह्याच्यासाठी," एवढंच म्हणाले, आणि सदरा अडकवून बाहेर पडले. न्याहारी केली नाही. माय पाल्याच्या चिखलाकडे बघत बसली होती. ती म्हणाली, "मला तरी खरं सांगायचंस. मी पाला तरी आनला नसता." मला वाटलं, आता माझं परभणी संपलं. पुस्तकं कुणाला द्यायची याचासुद्धा विचार मी करून टाकला.

आबा दुपारी परत आले. बाहेर गडबड असताना इतका वेळ ते कुठं होते हे मी विचारलं नाही. त्यांच्या काखोटीला जिनिंगमधल्या कोरड्या कापसाचं गाठोडं होतं. ते घरात आले नाहीत. उंबऱ्याच्या बाहेर पडवीत मांडी घालून बसले आणि मला म्हणाले, "ती पेटी पडवीत आन. मी हात लावणार न्हाई. सांगतो तसं कर."

त्या दुपारी आबांनी मला जे शिकवलं ते मी आयुष्यभर वापरलं. हात पाठीमागे बांधून ते सांगत गेले आणि मी करत गेले. ओला कापूस सगळा फेकून दे. जित्या अळ्या हातानं नको, पिसानं गोळा कर. पेटी तव्यासारखी कोरडी कर, पन उनात ठिवू नको, त्यांला अंधार पायजे. कवटी एक दिवस सावलीत टांगून वाळव, मग दे. ओलं मांस देशील तर बुरशी येती आन माशीच्या अळ्या पडत्यात, मग हे मरत्यात. सर काय करायले व्हते? ओलंच टाकायचे का? मी हो म्हटलं. दर पावसाळ्यात सरांचे किडे मरायचे. आबा पहिल्यांदा थोडं हसले. "अन् एक लाकडाचं ढलपं टाक पेटीत. मोठ्या झालेल्या अळीला कुटंतरी भोक पाडून झोपायचं आसतं. लाकूड न्हाई दिलं की एकमेकाला खात्यात. आमच्या घराचं आढं त्यांनी असंच पोखरलं व्हतं." बोलता बोलता त्यांना आजोबा आठवले, मिठाचं पोतं आठवलं, कातड्याला भोक दिसलं की व्यापारी काय शिव्या द्यायचा ते आठवलं. जे त्यांनी वीस-पंचवीस वर्षं तोंडातून काढलं नव्हतं ते सगळं एका पेटीपायी बाहेर येत होतं. शेवटी म्हणाले, "आमाला करायला लावलं म्हनून आमी सोडलं. तू तुझ्या मर्जीनं करायलीस. त्यात फरक हाय का न्हाई, मला अजून कळंना. पन शिक. अर्धं सोडू नको." पेटी मात्र पडवीतच राहिली. उंबऱ्याचा नेम त्यांनी माझ्यासाठीही मोडला नाही, आणि मला ते बरोबर वाटलं.

कॉलेज उघडलं तेव्हा कवटी पांढरीशुभ्र झाली होती. नाकातली पातळ हाडंसुद्धा जिथल्या तिथं. मुळे सर ती खिडकीपाशी नेऊन, उजेडाकडे धरून बघत राहिले. मी त्यांना सगळं सांगितलं, कोरडा कापूस, सावलीत वाळवणं, लाकडाचं ढलपं. भोवती माझ्या वर्गातली पाच-सात मुलं उभी होती. सरांनी कौतुकानं विचारलं, "इतकं नेमकं कुठं वाचलंस?"

मी म्हणाले, "लायब्ररीत एक जुनं पुस्तक होतं, सर."

का म्हणाले? त्या मुलांना माझी जात ठाऊक नव्हती असं नाही. आडनावावरूनच सगळ्यांना सगळं कळायचं. पण ठाऊक असणं वेगळं आणि त्या दिवसांत, त्या मुलांसमोर, माझ्या तोंडून 'माझे वडील ढोरं फाडायचे' हे निघणं वेगळं. पुष्कळ वर्षं मी स्वतःला सांगत आले की मी घाबरले होते. आता या वयात खरं लिहून टाकते. मला लाज वाटली. आणि ती आबांचीच वाटली. सर भोळे. त्यांनी पुढचा आठवडा ते पुस्तक शोधण्यात घालवला, कपाटांच्या वरच्या फळ्यांवर चढून.

घरी गेले तर आबांचा पहिला प्रश्न, "सरांला सांगितलं का, कोनी शिकवलं ते?"

"हो आबा. सांगितलं."

"काय म्हनले?"

"म्हणाले, तुझे वडील हुशार हायेत."

जेवताना आबांनी मायकडून दुसऱ्यांदा भाकर मागून घेतली, आणि पुढच्या आठवड्यात माझ्या कानावर आलं की जिनिंगमध्ये ते सांगत होते, कॉलेजच्या सरांला जे जमंना ते आपन सांगितलं. ज्या कामाचं नाव काढलं तर त्यांचा चेहरा काळवंडायचा, त्या कामाबद्दल ते पहिल्यांदा मान वर करून बोलत होते. मला तेव्हाच सरांकडे जाऊन सगळं सांगता आलं असतं. रोज उद्यावर ढकललं.

आणि एक दिवस काही न कळवता आबा परभणीला आले. इस्त्रीचा पांढरा सदरा, तेल लावून चापून बसवलेले केस. त्यांना कवटी बघायची होती आणि सरांना भेटायचं होतं. संग्रहालयात काचेच्या कपाटापुढं ते हात पाठीमागं धरून उभे राहिले. नाकाची हाडं त्यांनी वाकून वाकून पाहिली. "चांगलं साफ केलंय," म्हणाले, कारागीर कारागिराबद्दल बोलतो तसं, किड्यांबद्दल. एवढ्यात सर आले. त्यांनी आबांना नमस्कार केला, खुर्ची दिली आणि चहा मागवला. सर म्हणाले, "तुमच्या मुलीनं कमाल केली बघा. कुठल्याशा जुन्या पुस्तकातून ही सगळी रीत तिनं शोधून काढली. मला ते पुस्तक अजून सापडलेलं नाही."

आबांनी माझ्याकडे पाहिलं नाही. ते कपाटाकडेच बघत होते. कपबशी त्यांच्या हातात होती, ती त्यांनी हळूच खाली ठेवली.

"व्हय साहेब," आबा म्हणाले. "लय वाचती ती. ल्हानपनापासून."

मग सरांशी ते पावसाबद्दल बोलले, कापसाबद्दल बोलले, चहा संपवून उठले. मी त्यांना स्टँडपर्यंत सोडायला गेले. रस्ताभर मी शब्द जुळवत होते, आणि त्यांनी मला ते बोलू दिलं नाही. मायच्या गुडघ्याचं सांगितलं, धाकट्याच्या शाळेचं सांगितलं. मानवतची गाडी लागली. पायरीवर पाय ठेवून ते म्हणाले, "जा आता तू. तुझा तास बुडल."

मला त्यांचा हात धरायचा होता. मी गेले. तास खरंच होता.